इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या परीक्षा: पार्श्वभूमी

अमेरिकी शाळांत घरची भाषा इंग्रजी नसलेल्या मुलांची परीक्षा कशी घ्यायची, हा प्रश्न न्यायालयातून वर्गात आला. सॅन फ्रान्सिस्कोतल्या सुमारे १,८०० चिनी भाषिक मुलांना इंग्रजीसाठी कसलीच जादा मदत मिळत नव्हती. तेच शिक्षक आणि तीच पुस्तकं दिली म्हणजे समान वागणूक होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये दिला. त्याच वर्षी कायद्यात ‘इंग्रजी बोलण्याची मर्यादित क्षमता’ हे शब्द आले. १९७८ मध्ये ‘बोलण्याची’ गेलं, ‘प्रावीण्य’ आलं. वाचन, लेखन, आकलनही मोजायचं ठरलं, आणि ते योग्यच होतं. मधल्या सुट्टीत घडाघडा बोलणारं मूल विज्ञानाच्या धड्यात अडखळतं, हे शिक्षक रोज पाहत होते.

खरा घोळ २००२ मध्ये सुरू झाला. नव्या कायद्याने तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा सक्तीची केली. निकाल गटवार जाहीर करायचे आणि २०१४ पर्यंत प्रत्येक गट शंभर टक्के प्रावीण्यापर्यंत न्यायचा. पण इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या गटाची व्याख्याच ‘इंग्रजी पुरेसं न येणारी मुलं’ अशी. मूल तयार झालं की गटाबाहेर जाणार, त्याच्या जागी काल आलेलं मूल बसणार. मग गट शंभर टक्क्यांवर पोचणार कसा? शिकवणं चांगलं असेल तितका गटाचा आकडा खाली दिसायचा, आणि ठपका शाळेवर यायचा. २००६ च्या नियमांनी बाहेर पडलेल्या मुलांना दोन वर्षं गटात मोजायची मुभा दिली. २०१५ च्या कायद्याने ती चार वर्षांवर नेली. फार उशिरा सुचलेलं शहाणपण होतं ते.

त्याच २००६ च्या नियमांत अमेरिकी शाळेत बारा महिने न झालेल्या मुलांना एकदा वाचनाच्या परीक्षेतून सूट मिळाली. गणितातून मात्र नाही. गणिताला भाषा लागत नाही, असंच जणू गृहीत होतं. ‘हाऊ मेनी आर लेफ्ट?’ असं विचारल्यावर ‘लेफ्ट’ म्हणजे डावा एवढंच ठाऊक असलेलं मूल चित्रातल्या डाव्या बाजूची सफरचंदं मोजतं. त्याला वजाबाकी येते. उत्तरपत्रिकेत मात्र शून्य.

जादा वेळ आणि शब्दार्थांची यादी या सवलती याच अनुभवातून रुजल्या. प्रश्नाची भाषा सोपी करावी की नाही, यावर मात्र बराच वाद झाला. पातळी खाली येईल, हा मुख्य आक्षेप. तो मला पटत नाही. वर्तुळाचं क्षेत्रफळ विचारताना कर्मणी प्रयोग आणि दोन ‘जर-तर’ कशाला हवेत? आता प्रश्न तयार करताना भाषेची छाननी वेगळी होते: कोणता शब्द विषयाचा म्हणून राहायलाच हवा आणि कोणता नुसताच वाटेत आलाय.