अठराव्या वाढदिवसाला कौन्सिलची जबाबदारी संपत नाही

इंग्लंडमध्ये आईवडिलांऐवजी कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, देखरेखीखाली वाढलेल्या मुलांबाबत एक समज वर्षानुवर्षे पसरलेला आहे: अठरा वर्षे पूर्ण झाली की कौन्सिलचा संबंध संपतो, आणि पुढे मदत हवी असेल तर कॉलेजात शिकत असले पाहिजे. हा समज चुकीचा आहे. त्यापायी अनेक तरुण हक्काची मदत मागतच नाहीत, हे अधिक क्लेशदायक आहे.

शिक्षणाच्या अटीला पूर्वी आधार होता, कारण एकविसाव्या वर्षानंतर मदत मुख्यतः शिकणाऱ्यांनाच मिळत असे. २०१७ च्या कायद्याने ती अट काढली. चौदाव्या वर्षानंतर एकूण किमान तेरा आठवडे, आणि त्यांपैकी काही काळ सोळाव्या वाढदिवसानंतर, देखरेखीत राहिलेल्या तरुणाला एप्रिल २०१८ पासून, तो शिकत असो, नोकरीत असो वा बेकार, पंचविसाव्या वर्षापर्यंत पर्सनल ॲडव्हायझरची, म्हणजे अशा तरुणांना मार्गदर्शन करणाऱ्या सल्लागाराची, मदत मागता येते. एकविशीनंतर ही मदत घेत नसलेल्यांना कौन्सिलने वर्षातून एकदा तरी तिची विचारणा करायची असते. म्हणजे बाविसाव्या वर्षी नकार दिलेल्या मुलीला चोविसाव्या वर्षी, घरमालकाची नोटीस हातात पडल्यावर, पुन्हा दार ठोठावता येते.

फॉस्टर कुटुंबात, म्हणजे देखरेखीतील मुलांना स्वतःच्या घरी सांभाळणाऱ्या कुटुंबात, वाढलेल्यांना, उभयपक्षी संमती असल्यास, एकविसाव्या वर्षापर्यंत तिथेच राहण्यासाठीही कौन्सिलने साहाय्य करायचे असते. कौन्सिल टॅक्समधील (राहत्या घरावरील स्थानिक करातील) सूट मात्र सर्वत्र सारखी नाही, त्यामुळे आपल्या कौन्सिलने प्रसिद्ध केलेली सवलतींची माहिती तपासावी.