हिंदमाताची टाकी आणि आठ हजार ईमेल

दादरच्या एका वाचनालयाला वार्षिक सभेची सूचना ८,००० सभासदांना ईमेलने पाठवायची होती. संकेतस्थळावर 'पाठवा' दाबलं, चक्र गरगरत राहिलं. पुन्हा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं आणि साइट बसली. आगाशे-आपटे मंडळींना तीन-तीन सूचना गेल्या, हळब्यांना एकही नाही. कमिटीने ठरवून टाकलं: सर्व्हर लहान पडतोय, मोठा घ्या.

सर्व्हर लहान नव्हता. तो नुसता ताटकळत होता.

ईमेल पाठवणं हे दोन यंत्रांमधलं संभाषण आहे. त्याचे नियम, म्हणजे एसएमटीपी, संगणकतज्ज्ञ जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिले. गाभा आजही तोच. समोरचा सर्व्हर २२० म्हणतो, म्हणजे 'बोला'. आपण नाव सांगतो. तो २५०, म्हणजे 'ठीक'. पाठवणारा कोण? २५०. कोणाला? २५०. मग मजकूर आणि शेवटच्या ओळीत एकटं टिंब. पुन्हा २५०, पत्र स्वीकारलं. एका पत्राला अर्धा सेकंद धरला तरी ८,००० पत्रांना तासाहून जास्त वेळ लागतो. संकेतस्थळ चालवणारा वेब सर्व्हर एका विनंतीसाठी इतका थांबत नाही, मध्येच काम तोडतो. म्हणून यादीच्या सुरुवातीच्या आगाश्यांना दर वेळी सूचना गेली, शेवटच्या हळब्यांपर्यंत पोचलीच नाही.

मला सगळ्यात आवडतो तो नकार. ५ ने सुरू होणारा आकडा म्हणजे 'हे पत्र घेणार नाही'. ४ ने सुरू होणारा म्हणजे 'आत्ता नको, नंतर या'. काही सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला मुद्दामच ४५० सांगतात: कचरा पाठवणारे बहुतेक प्रोग्राम परत येत नाहीत, प्रामाणिक सर्व्हर येतो. नियमच सांगतो, निदान अर्ध्या तासाने पुन्हा जा, चार-पाच दिवस प्रयत्न सोडू नका. दादरच्या हिंदमाता भागात पावसात तुंबणारं पाणी साठवायला महापालिकेने दादर-परळला मैदानाखाली टाक्या बांधल्या, तसंच हे. भरतीच्या वेळी समुद्र पाणी घेत नाही. ते टाकीत थांबतं, मग सोडलं जातं. ईमेलची टाकी म्हणजे रांग.

म्हणून 'तासाला दहा लाख ईमेल' असल्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. वेग ठरवतो तो पत्र घेणारा सर्व्हर. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५,००० हून जास्त पत्रं पाठवणाऱ्यांसाठी गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केले, ते उगाच नाही.

आता वाचनालयाचं बटण फक्त ८,००० नावं तक्त्यात लिहितं आणि लगेच मोकळं होतं. वेगळा प्रोग्राम दर मिनिटाला ५० पत्रं उचलतो, प्रत्येक नावापुढे मिळालेला आकडा नोंदवतो. २५० आला की ते नाव पुन्हा घेत नाही, ४ चा आला तर मागे ठेवतो. सकाळी दहाला सुरू केलं. पावणेएकच्या सुमाराला तक्त्याची शेवटची ओळ भरली: हळबे, २५०.