टोटल ५२० वाले काका आणि २४० वाला पुतण्या

रामबागेतल्या आमच्या कलेक्शन सेंटरवर सकाळी सात ते दहा सॅम्पल देणाऱ्यांची रांग, आणि दहानंतर रिपोर्ट हातात घेऊन प्रश्न विचारणाऱ्यांची. मागल्या महिन्यात लोकमान्य नगरचे एक काका पुतण्याला घेऊन आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील जरा बदललेत.) काकांनी कागद टेबलावर पालथा ठेवला. टेस्टोस्टेरॉनचा, म्हणजे पुरुषी हॉर्मोनचा, रिपोर्ट बाईमाणसासमोर पालथाच ठेवायचा, अशी इंदूरच्या मराठी पुरुषांची रीत दिसते. सतरा वर्षांत मला तिची सवय झालीये.

काका ७१ वर्षांचे, काटकुळे. पिट्युटरीचं (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीचं) ऑपरेशन झालेलं, त्यामुळे शरीर स्वतःहून हे हॉर्मोन बनवत नाही, इंजेक्शन चालू. फिट्ससाठी फेनिटॉइनची गोळीही चालू. पुतण्या ४४ चा, पोट सुटलेलं, डायबेटिस. काका म्हणाले, "ताई, माझं ५२० आहे आणि ह्याचं २४०. तरी थकवा मला, आणि ह्याला डॉक्टर म्हणतात की इंजेक्शन नको, वजन उतरव. कागदांची अदलाबदल तर नाही ना झाली?"

नव्हती झाली. दोघांनी टोटल वाचलं होतं आणि डॉक्टरांनी टोटलच्या आत पाहिलं होतं.

आपल्याकडच्या लग्नातली पंगत आठवा. हॉलमध्ये शंभर माणसं आहेत. त्यातली साठेक पानावर बसलीत. जेवण उरकेपर्यंत ती उठणार नाहीत. पस्तीस-चाळीस सतरंजीवर गप्पा मारतायत. हाक मारली तर उठतील. आणि दोघं कमरेला उपरणं खोचून वाढतायत. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन साधारण असंच वाटलेलं असतं. मोठा हिस्सा एसएचबीजी नावाच्या, यकृतात बनणाऱ्या प्रथिनाला घट्ट चिकटलेला. बाकी बहुतेक अल्ब्युमिन या रक्तातल्या दुसऱ्या प्रथिनाला सैलसर टेकलेला. मोकळं फिरणारं शंभरात एक ते तीन. टोटल म्हणजे हॉलमधली सगळी डोकी. फ्री म्हणजे वाढपी. (वाढपी आणि सतरंजीवरचे मिळून जे होतात त्याला काही रिपोर्टांत 'बायोअव्हेलेबल' म्हणतात.)

आता काकांच्या हॉलमध्ये पंगती फार. वय वाढलं की एसएचबीजी वाढतं, फेनिटॉइननंही वाढतं. थायरॉइड जास्त चालत असेल किंवा यकृताला सिरोसिस असेल तरी वाढतं. त्यांचं निघालं ८५. पुतण्याकडे पंगतच लहान. लठ्ठपणा आणि डायबेटिसमध्ये एसएचबीजी खाली येतं, थायरॉइड मंद असलं तरी येतं. त्याचं निघालं १४. दोघांचं अल्ब्युमिन ४.३ धरून हिशोब केला तर पुतण्याचं फ्री येतं ६९ पिकोग्रॅम प्रति मिलीलीटर आणि काकांचं ५५. साधारण ६५ च्या खाली बरेच डॉक्टर कमी धरतात. म्हणजे ज्याचं टोटल दुपटीहून जास्त, त्याच्याकडे वाढपी कमी.

हे ऐकून पुतण्या म्हणाला, "मग टोटल करायचंच कशाला? सरळ फ्री लिहून द्या ना." इथेच खरी गोम आहे, आणि इथे मी जरा जास्त बोलते.

कल्पना म्हणून फ्री जास्त खरं आहे, पण छापलेला आकडा म्हणून बरेचदा तेच जास्त खोटं असतं. शंभरातले दोन मोजायचे म्हणजे यंत्राला अवघड काम. नीट मोजायची पद्धत आहे इक्विलिब्रियम डायलिसिस. (हे नाव सांगितलं की समोरचा दचकतो, "किडनी गेली का?" किडनीशी काही संबंध नाही; पडद्यातून मोकळे रेणू पलीकडे जाऊ द्यायचे आणि ते मोजायचे, एवढंच.) ती महाग आणि वेळखाऊ, थोड्याच लॅबमध्ये होते. दुसरी पद्धत हिशोबाची: टोटल, एसएचबीजी आणि अल्ब्युमिन मोजायचं आणि सूत्रात घालायचं. १९९९ मध्ये बेल्जियमच्या व्हर्म्युलेन यांनी दिलेलं सूत्र सगळ्यांत जास्त चालतं. वरचे ६९ आणि ५५ त्यानंच काढलेत. तिसरी पद्धत म्हणजे 'डायरेक्ट फ्री', थेट किटवर. स्वस्त, लवकर होणारी, पॅकेजमध्ये हमखास असणारी. आणि हिच्यावर भरवसा ठेवू नका असं एंडोक्राइन सोसायटी या हॉर्मोनतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलंय. या किटवर नॉर्मल माणसाचं फ्री १० ते २५ असं काहीतरी येतं, हिशोबाच्या पद्धतीत त्याचंच शंभराच्या आसपास येऊ शकतं. युनिट दोन्हीकडे पिकोग्रॅमच! मग एका लॅबचं १२ आणि दुसऱ्या लॅबचं ९० शेजारी ठेवून लोक म्हणतात, इंजेक्शननं कमाल केली. कमाल पद्धतीची असते.

म्हणून माझं मत असं, की सुरुवात टोटलनंच करावी. तेही सकाळी, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी. एका कमी आकड्यावर आयुष्यभराचं औषध सुरू करायचं नसतं. टोटल २५०-३५० च्या कुंपणावर असेल, किंवा एसएचबीजी बिघडवणारं काही अंगात असेल, तेव्हा एसएचबीजी करून हिशोबाचं फ्री काढावं. पॅकेजमधलं डायरेक्ट फ्री मी माझ्या भावाला तरी करू देणार नाही.

उपाशीपोटीवरून आठवलं. पुतण्याचं पहिलं सॅम्पल साडेदहाला घेतलं होतं. "नाश्ता?" विचारलं तर म्हणे, "बस ताई, एक प्लेट पोहे आणि जलेबी." इंदुरात पोह्यांना कोणी खाणं समजतच नाही. पण पोटात साखर गेली की टेस्टोस्टेरॉन तासा-दोन तासांसाठी चांगलंच उतरतं, आणि दिवस चढला तरीही उतरतं. दुसऱ्यांदा पावणेआठला, कोरड्या पोटी घेतलं तेव्हा त्याचं टोटल २९८ आलं.

काकांचं मात्र घड्याळ वेगळं. इंजेक्शन घेणाऱ्याच्या बाबतीत तास कमी महत्त्वाचा, दिवस जास्त. एनॅन्थेट किंवा सायपिओनेट या प्रकारचं टेस्टोस्टेरॉन टोचून घेत असाल तर दोन इंजेक्शनांच्या मधोमध तपासायचं; तिथे ३५० च्या खाली किंवा ६०० च्या वर गेलं तर डॉक्टर डोस किंवा अंतर बदलतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सॅम्पल दिलं तर हजाराच्या वरही दिसू शकतं आणि घरचे घाबरतात. अंडेकॅनोएटचं १००० मिलिग्रॅमचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन असेल तर पुढचं टोचण्याच्या अगदी आधी. जेल लावणाऱ्यानं लावल्यानंतर दोन ते आठ तासांत, आणि ज्या दंडावर जेल लावलं त्या हातातून रक्त देऊ नये. कातडीवरचं जेल सुईबरोबर आलं की आकडा आभाळाला टेकतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. काही यंत्रांवर त्या टेस्टोस्टेरॉन खोटंच वाढवून दाखवतात.

युनिटचं थोडक्यात: टोटल कुठे नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटरमध्ये येतं, कुठे नॅनोमोल प्रति लीटरमध्ये. नॅनोमोलला २८.८ नं गुणा. परदेशात मुलाकडे तपासलेलं "फक्त १८" म्हणजे इथले ५२०, घाबरू नका.

काकांना वाटत होतं, आता फ्री कमी निघालं म्हणजे डोस वाढणार. डॉक्टरांनी वाढवला नाही. रिपोर्टच्या खालच्या ओळीत हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के, तो आकडा) होतं, ५२. टेस्टोस्टेरॉननं तांबड्या पेशी वाढतात, रक्त दाट होतं. ५४ च्या वर गेलं तर औषध थांबवतात. टोटल-फ्रीच्या वादात ही ओळ कोणी वाचतच नाही, आणि मला विचाराल तर उपचार चालू असलेल्यानं आधी तीच वाचावी. सुरुवातीला, मग तीन ते सहा महिन्यांत, मग वर्षातून एकदा. पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणीही सोबत. थकव्यासाठी डॉक्टरांनी काकांचं बी-१२ आणि थायरॉइडही लिहून दिलं, आणि फिट्सच्या गोळीबद्दल न्यूरोवाल्यांना चिठ्ठी.

पुतण्याला मी एकच विचारलं, मुलंबाळं? एक मुलगी आहे, दुसऱ्याचा विचार चालू आहे. तेव्हा त्याला सांगितलं, की बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूतून वृषणांना कामाला लावायला येणारं एलएच-एफएसएच (हीही हॉर्मोनच) झोपतं आणि शुक्राणू कमी होतात, कधी शून्यावर येतात. जिममधल्या मित्रानं त्याला हे सांगितलं नव्हतं. तो काही बोलला नाही. फोनमध्ये कुणालातरी मेसेज टाईप करत राहिला.

परवा काका पुन्हा आले, या वेळी कागद सुलटा धरून. फॉर्मवर 'शेवटचं इंजेक्शन कधी' असा रकाना नसतो, म्हणून मी कोपऱ्यात पेननं तारीख लिहून घेते. ती लिहिली आणि दंडाला पट्टा बांधला. "ताई, आज अकरावा दिवस आहे," काका म्हणाले, "एकविसातला मधला. मोजून आलोय."