मसाई मारातली दुपार आणि गॅझेलचा थंड मेंदू

चित्ता शिकारीनंतर धापा टाकत बसला की सफारीच्या गाडीत एक स्पष्टीकरण हमखास ऐकू येतं: धावून त्याचं शरीर इतकं तापतं की आणखी धावला तर मेंदूच भाजून निघेल, म्हणून तो पाठलाग अर्धवट सोडतो. याचं मूळ 1973 सालच्या एका प्रयोगात आहे. प्रयोगशाळेत फिरत्या पट्ट्यावर धावणाऱ्या चित्त्यांनी शरीराचं तापमान 40.5 अंशांवर गेल्यावर धावायचं नाकारलं. मोकळ्या मैदानावर मात्र असं घडत नाही. नामिबियात स्वतः शिकार करणाऱ्या चित्त्यांच्या शरीरात तापमान नोंदवणारी उपकरणं बसवली गेली आणि 2013 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. धावताना तापमान फारसं वाढलंच नव्हतं. वाढलं ते पाठलाग संपल्यावर, आणि शिकार साधल्यावर जास्त: सरासरी 1.3 अंश, शिकार हुकल्यावर 0.5 अंश. दोन्ही वेळा धावणं सारखंच असल्यामुळे संशोधकांनी याचं कारण ताण हे मानलं. भक्ष्य हाती आलं की सिंह आणि तरस ते हिसकावायला येऊ शकतात. कुनोतल्या चित्त्यांबद्दलच्या गप्पांतही जुनंच स्पष्टीकरण फिरतं, म्हणून हे नीट सांगायला हवं.

सफारीचा दिवस मात्र उष्णतेभोवतीच बांधलेला असतो. केनियातला मसाई मारा विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम दीड अंशावर आहे, त्यामुळे सूर्य वर्षभर साडेसहाच्या आसपासच उगवतो. पहिली फेरी सकाळी 6 ला निघते. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच आहे. जुलैच्या पहाटे तिथे दहा-बारा अंश तापमान असतं आणि उघड्या छतातून वारा लागतो, म्हणून जाड जॅकेट आणि कानटोपी हवीच. निळे-काळे कपडे टाळावेत, त्या रंगांकडे त्सेत्से माश्या ओढल्या जातात. कॅमेरा छताच्या कडेवर टेकवायला कापडी पिशवी न्यावी आणि तिथे पोचल्यावर तिच्यात तांदूळ भरावेत. फोटो काढताना चालकाला इंजिन बंद करायला सांगावं, नाहीतर त्या थरथरीने चित्र हलतं.

साडेनऊ-दहापर्यंत सिंह झुडपाखाली आडवे झालेले असतात. चोवीस तासांतले वीस तास ते असेच काढू शकतात. यानंतर हवा जेमतेम पंचवीस-सव्वीस अंश असते. पुणेकराला हा उकाडा वाटणारच नाही. पण उघड्यावर उभ्या जनावराला फक्त हवेची उष्णता सोसायची नसते. जवळजवळ डोक्यावर आलेला सूर्य आणि तापलेली जमीन दोन्हीकडून त्याला भाजतात. ही उष्णता बाहेर टाकायचा खात्रीचा मार्ग म्हणजे बाष्पीभवन, जसं माठातलं पाणी झिरपून गार होतं. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता निघून जाते, पण ते पाणी कुठून तरी मिळवावं लागतं. नदीवर जावं तर तिथे मगर आणि सिंहीण.

इथे थॉमसन्स गॅझेलच्या, म्हणजे चिंकाऱ्यासारख्या लहान कुरंगाच्या, डोक्यात डोकवायला हवं. मेंदूकडे जाणारी कॅरोटिड धमनी त्याच्यात सरळ वर जात नाही. कवटीच्या तळाशी ती असंख्य बारीक धमन्यांत फुटते, त्यांचं जाळं बनतं आणि पुढे त्या पुन्हा एक होतात. या जाळ्याला ‘कॅरोटिड रेटे’ म्हणतात. ते शिरांमधल्या रक्ताच्या एका कप्प्यात बुडालेलं असतं. तिथलं रक्त येतं नाकाच्या ओल्या अस्तरातून, श्वासागणिक होणाऱ्या बाष्पीभवनाने गार होऊन. धमन्यांच्या पातळ भिंतींतून उष्णता या गार रक्तात जाते, आणि मेंदूला पोचणारं रक्त बाकी शरीरातल्या रक्तापेक्षा थंड असतं. 1972 मध्ये पट्ट्यावर धावणाऱ्या गॅझेलमध्ये हा फरक अडीच अंशांहून जास्त भरला. तेव्हापासून ‘पळताना मेंदू वाचवणारी यंत्रणा’ अशी तिची ख्याती झाली.

पण मोकळ्या रानात मोजमाप झालं तेव्हा उलटंच दिसलं. जिवावर बेतलेल्या पळापळीत ही यंत्रणा बंद होते. गार रक्त कुठे जाणार हे दोन शिरा ठरवतात: डोळ्याच्या कोपऱ्यातली शीर ते मेंदूखालच्या कप्प्याकडे नेते, चेहऱ्यावरची शीर बाहेरून सरळ हृदयाकडे. भीतीने अनुकंपी (सिम्पथेटिक) मज्जासंस्था, म्हणजे धोक्यात शरीराला सज्ज करणारी यंत्रणा, उत्तेजित झाली की पहिली आक्रसते, दुसरी रुंदावते आणि जाळ्याला गार रक्त मिळेनासं होतं. यंत्रणा खरी चालते ती दुपारी, जनावर स्वस्थ उभं असताना. शरीराचा तापमान-नियंत्रक, हायपोथॅलॅमस, मेंदूतच असतो. मेंदू गार राहिला की त्याला शरीर तितकं तापलेलं ‘जाणवत’ नाही. घाम आणि धाप दोन्ही कमी होतात आणि पाणी वाचतं. म्हणजे ही यंत्रणा मुख्यतः पाणी वाचवण्यासाठी आहे. मेंढ्यांवरच्या 2015 मधल्या अभ्यासानुसार उन्हाळी दिवसातला निम्मा वेळ ती चालू राहिली, तर 50 किलोची मेंढी रोज 2.6 लिटर पाणी वाचवते, रोजच्या पिण्याच्या जवळपास 60 टक्के.

विल्डबीस्ट (गाईसारखं दिसणारं मोठं कुरंग), म्हैस, जिराफ, अगदी पाणघोडा, या सगळ्यांकडे हे जाळं आहे. मांजरकुळातही आहे. घोड्याच्या कुळातल्या झेब्राकडे नाही, हत्तीकडे नाही, माणसाकडेही नाही. मारात विल्डबीस्ट आणि झेब्रा एकाच गवतावर खांद्याला खांदा लावून चरतात. त्यातला झेब्रा घोड्यासारखा भरपूर घाम गाळून थंड राहतो, म्हणून दुपारी पाणवठ्यावर त्याच्याकडे लक्ष ठेवावं.

चित्ता दिवसा शिकार करतो, कारण सिंह आणि तरस तेव्हा सुस्तावलेले असतात. म्हणून सकाळी दहाच्या सुमाराला वायरलेसवर ‘डुमा’ म्हणजे चित्ता दिसल्याची खबर आली की गाड्या धावतात. नियमाप्रमाणे एका प्राण्याभोवती जास्तीत जास्त 5 गाड्या असाव्यात, तेही 25 मीटर लांब. हा नियम मोडला जातो आणि त्याची किंमत चित्ते मोजतात. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मारातल्या अभ्यासात पर्यटकांची गर्दी असलेल्या भागात एका मादीची सरासरी 0.2 पिल्लं मोठी झाली, कमी गर्दीच्या भागात 2.3. गराड्यात आपली गाडी सहावी असेल तर चालकाला निघायला सांगावं. बक्षिशीच्या आशेने तो स्वतःहून निघणार नाही.

दुपारी लांबचे फोटो काढण्यात अर्थ नाही. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि दोनशे मीटरवरचा सिंह महागड्या लेन्समधूनही पुसट येतो. दुसरी फेरी चारला सुरू होते. सिंह उठतात साडेपाच-सहाच्या सुमाराला, आणि नेमकं 6 ला अभयारण्य रिकामं करावं लागतं. फाटक तासाभरावर असेल तर पाचलाच परत फिरावं लागतं. सिंह उठल्यावर काय करतात हे पाहायचं असेल तर मारा नॉर्थ किंवा नाबोइशोसारख्या शेजारच्या राखीव क्षेत्रात मुक्काम करावा. तिथे लाल काचेच्या दिव्याने रात्रीची फेरी काढता येते.