सीबीएसईच्या दहावीचा सीजीपीए: टक्केवारी काढताना अर्ज कुठे अडतो

२०१० ते २०१७ या काळात सीबीएसईतून दहावी झालेल्यांच्या गुणपत्रिकेवर गुणच नाहीत. विषयवार श्रेणी आहे, त्या श्रेणीचा दहापैकी ग्रेड पॉइंट आहे आणि एक सीजीपीए, म्हणजे त्या पॉइंटांची सरासरी आहे. नोकरीच्या अर्जात मात्र 'मिळालेले गुण', 'एकूण गुण' आणि 'टक्केवारी' हे तीन रकाने, तिन्ही सक्तीचे. घोळ इथूनच सुरू होतो.

नेहमीची चूक म्हणजे मिळालेल्या गुणांत ८.८ आणि एकूण गुणांत १० भरणे. संगणक लगेच ८८ टक्के काढून मोकळा होतो. मंडळाचं सूत्र आहे सीजीपीए गुणिले ९.५, म्हणजे खरा आकडा ८३.६. कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर ही तफावत उघडी पडते आणि 'अर्जात चुकीची माहिती' असा शेरा बसतो.

९.५ कशासाठी? ए-१ श्रेणी ९१ ते १०० गुणांची, ग्रेड पॉइंट १०. त्या पट्ट्यातल्या मुलांची सरासरी साधारण ९५ धरली, त्याला दहाने भागलं. म्हणून १० पैकी १० असले तरी टक्केवारी ९५ च. १०० लिहू नका. खरा फटका मधल्या मुलांना बसतो. ६.२ वाल्याला वाटतं आपण ६२ टक्क्यांचे, पण होतात ५८.९. साठाची अट असेल तर किमान ६.४ लागतो (६०.८). पंचाहत्तरच्या अटीला ७.८ पुरत नाही, ७४.१ होतात. आकडा वरच्या पूर्णांकापर्यंत नेण्याचा मोह आवरा. जाहिरातीत तशी सवलत लिहिलेली नसेल तर ५९.९ म्हणजे साठ नव्हे.

सीजीपीए पाच मुख्य विषयांचाच असतो, सहावा अतिरिक्त विषय त्यात धरत नाहीत. पाच पूर्णांकांची सरासरी असल्यामुळे दशांशानंतर ०, २, ४, ६ किंवा ८ एवढंच येऊ शकतं. तुमच्या हिशेबात ८.८३ आलं, तर सहावा विषय मिसळला आहे.

सीजीपीएचा पर्याय असेल तर तोच निवडा. नसेल तर आधी जाहिरातीतली रूपांतराची सूचना शोधा. ती बहुधा शेवटच्या पानांवर, बारीक अक्षरांत दडवलेली असते. तिथेही काही नसेल आणि रकाना गुणच मागत असेल, तर प्रत्येक विषयाचा ग्रेड पॉइंट ९.५ ने गुणून बेरीज करा. ९, ८, १०, ८, ९ असतील तर ८५.५, ७६, ९५, ७६, ८५.५, एकूण ५०० पैकी ४१८, म्हणजे पुन्हा ८३.६. दोन्ही आकडे जुळतात, पडताळणी करणाऱ्यालाही बोलायला जागा राहत नाही.

कागदपत्रांत 'गुणपत्रिका' आणि 'बोर्ड प्रमाणपत्र' असे दोन वेगळे रकाने दिसले की लोक दुसऱ्या कागदासाठी शाळेत खेपा घालतात. महाराष्ट्र मंडळ हे दोन कागद वेगळे देतं, सीबीएसईच्या दहावीत मात्र दोन्ही मिळून एकच कागद असतो. तोच दोन्हीकडे अपलोड करा, आणि मागची बाजूही स्कॅन करा. श्रेणींचा खुलासा नसलेली अर्धी प्रत बघून कारकून प्रश्न काढतोच. मूळ प्रत हरवली असेल तर डिजिलॉकर आधी बघा.

आता 'श्रेणी' या शब्दाचा सापळा. अर्जात 'श्रेणी' म्हणजे बहुतेकदा प्रथम, द्वितीय. सीबीएसई अशी श्रेणी देतच नाही, तिची श्रेणी ए-१, बी-२ वगैरे. तेव्हा टक्केवारी काढून अर्जातल्या व्याख्येप्रमाणे निवडा. राज्य मंडळाच्या हिशेबात ७५ ला प्रावीण्य, ६० ला प्रथम, ४५ ला द्वितीय, ३५ ला उत्तीर्ण. दुसरीकडे हेच आकडे असतील असं गृहीत धरू नका.

२०१८ पासून सीबीएसईच्या दहावीत गुण परत आले, तेव्हा ९.५ विसरा. शेजारी श्रेणी अजून छापतात, पण ती आता सापेक्ष आहे: त्या विषयात उत्तीर्ण झालेल्यांचे गुणानुक्रमे आठ भाग करतात, वरच्या भागाला ए-१. त्यामुळे एका विषयात ९० ला ए-१ आणि दुसऱ्यात ९२ ला ए-२ असं होऊ शकतं. ती छपाईची चूक नाही, आणि त्या श्रेणीवरून गुण काढता येत नाहीत. एकूण बेरीज वा टक्केवारी मंडळ छापत नाही. सहा विषय असतील तर कुठले पाच धरायचे, हे अर्ज मागवणारी संस्था ठरवते. तिचा नियम वाचूनच बेरीज करा.