ढोलीऐवजी पेटी

पावसाळा जवळ आला की मुंबईत फांद्यांची छाटणी सुरू होते. वाळकी फांदी, पोखरलेलं खोड उतरवून ट्रकमध्ये भरलं जातं. खालून माणसं चालतात, त्यामुळे ते उतरवायलाच हवं. १७ मे २०२१ला तौक्ते वादळात कोसळलेली झाडं आपण पाहिली आहेत. पण ज्या भुंग्यांच्या अळ्या कुजक्या लाकडावरच पोसतात, त्यांचं घरही त्याच ट्रकमधून जातं.

हा प्रश्न युरोपात आधी ऐरणीवर आला. तिथे जंगल झाडूनपुसून ठेवायची शिस्त जुनी; पडलेला ओंडका म्हणजे रोगाचं मूळ, असंच मानलं जाई. ऑक्सफर्डजवळच्या वायथमच्या जंगलात अनेक वर्षं काम केलेल्या परिसंस्थातज्ज्ञ चार्ल्स एल्टन यांनी १९६६मध्ये बजावलं, की मेलेलं लाकूड काढून नेलं तर जंगलातले सुमारे एक पंचमांश प्राणी जातील. युरोप परिषदेने १९८८मध्ये या जिवांच्या संरक्षणाची शिफारस केली.

खरी अडचण वेळेची होती. ओकला मोठी ढोली पडायला शे-दोनशे वर्षं लागतात. जुने वृक्ष मरत चाललेले, नवे अजून कोवळे. मधल्या काळात ढोलीत राहणाऱ्या भुंग्यांनी जायचं कुठे? स्वीडनमध्ये संशोधक निक्लास यान्सन आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी लाकडी पेट्या केल्या आणि ओकच्या खोडांना बांधल्या. आत ओकचा भुसा, ओकची पानं, गवत, लसूणघासाचं पीठ. काही पेट्यांत तर मेलेली कोंबडीसुद्धा, कारण खऱ्या ढोलीत पक्षी मरतात, त्यांची विष्ठा साचते आणि त्यातूनच तिथली कुजक्या लाकडाची भुकटी सकस होते. मला या कामातलं हे निरीक्षण सगळ्यात मोलाचं वाटतं. २००९मध्ये निष्कर्ष छापून आले: ढोलीतले भुंगे पेट्यांत खरोखर राहायला आले. मात्र जुन्या ओकवनापासून पेटी जितकी लांब, तितक्या खास ढोलीतल्या जाती कमी. म्हणजे पेटी आधाराला आहे; जुना वृक्ष तोडायची मुभा ती देत नाही.

इंग्लंडमध्ये वाट वेगळी. तिथे सांबरशिंगी भुंग्यासाठी (स्टॅग बीटल) बागेत ओंडके अर्धे पुरून उभे करतात. त्याची अळी जमिनीखालच्या कुजक्या लाकडात काही वर्षं काढते, म्हणून एकदा पुरलेला ओंडका हलवायचा नाही.

मुंबईत ओक नाही, पण बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आहे, आरे आहे, राणीच्या बागेतले जुने वृक्ष आहेत. छाटलेल्या पर्जन्यवृक्षाचे दोन ओंडके एखाद्या उद्यानाच्या सावलीतल्या कोपऱ्यात, रस्त्यापासून दूर, अर्धे पुरून ठेवता येतील. त्यांत पाणी साचणारा खळगा राहू देऊ नये, नाहीतर डास होतील. आणि नारळाचं खोड अजिबात नको. गेंड्या भुंगा कुजक्या माडात अंडी घालतो आणि मग जिवंत माडाचा कोंब पोखरतो, हे वसईच्या वाडीवाल्यांना सांगावं लागत नाही.