सीसीटीव्ही चित्रणातील विसंगती-शोध (छोटी दृश्य-भाषा मॉडेल्स)

कॅमेऱ्यासमोर नेहमीपेक्षा वेगळे काही घडले की ते आपोआप हेरणे म्हणजे विसंगती-शोध. सेकंदाला 25 फ्रेम या वेगाने एक कॅमेरा दिवसभरात 21 लाख 60 हजार फ्रेम टिपतो. बहुतेकांत काहीच घडत नसते. पडद्यासमोर बसलेल्याचा डोळा लागतो तो म्हणूनच.

‘वेगळे’ कशाला म्हणायचे, ही खरी अडचण. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने तयार केलेल्या, अभ्यासकांच्या नेहमीच्या वापरातल्या चित्रणसंचात पादचारी मार्गावर आलेली सायकल हीच विसंगती आहे. आपल्याकडे फुटपाथवर दुचाकी चढली नाही तर नवल! जुन्या पद्धती त्या-त्या जागेची रोजची हालचाल शिकत. कॅमेरा हलवला की शिकवणी पुन्हा पहिल्यापासून. 2018 मध्ये आलेल्या ‘यूसीएफ-क्राइम’ या संचात चोरी, मारामारी, रस्ता अपघात अशा 13 प्रकारांसह 1,900 चित्रफिती (एकूण 128 तास) आहेत, पण प्रकारांची यादी तिथेही आधीच ठरलेली.

चित्र पाहून त्याबद्दलच्या प्रश्नांना शब्दांत उत्तर देणाऱ्या दृश्य-भाषा मॉडेलला मात्र नियम शब्दांत सांगता येतो: ‘रात्री अकरानंतर कुंपणावर कोणी चढतंय का?’ जागा बदलली तर वाक्य बदलायचे. ‘स्मॉलव्हीएलएम’सारख्या छोट्या मॉडेलांत 25.6 कोटींपासून सव्वादोन अब्जांपर्यंत पॅरामीटर (मॉडेल शिकताना ठरणारे आकडे) असतात. दोन अब्जांच्या मॉडेलचा प्रत्येक पॅरामीटर 4 बिटांत आवळला की ते सगळे साधारण एक जीबीत मावतात. मग मॉडेल सोसायटीच्या कचेरीतल्या छोट्या संगणकावरही चालते आणि रहिवाशांचे चित्रण बाहेर पाठवावे लागत नाही. हा फायदा अचूकतेपेक्षा कमी महत्त्वाचा नाही.

तरी प्रत्येक फ्रेम मॉडेलला दाखवणे परवडत नाही. आधी साधी हालचाल-चाळणी लावतात आणि हालचाल दिसली तरच काही फ्रेम पुढे पाठवतात. ‘इथे चोरी होते आहे का?’ असे थेट विचारले तर छोटी मॉडेल्स भिडस्त माणसासारखी ‘हो’ म्हणून मोकळी होतात. म्हणून आधी दृश्याचे वर्णन मागून मग निर्णय विचारणे बरे. एकाच फ्रेमवर विसंबले तर बुटाची नाडी बांधायला वाकलेला माणूस कोसळलेला वाटतो, गळाभेट झटापट ठरते. रात्रीचा त्रास निराळाच. अंधारात दिसावे म्हणून कॅमेऱ्याला असलेल्या इन्फ्रारेड दिव्याभोवती किडे जमतात, त्यांच्या मागे कोळी येतो, आणि काचेसमोर हलणारे जाळे चाळणीला रात्रभर जागे ठेवते. त्यावर उपाय एकच, शिडी लावून फडके मारणे.